फाटक

नारीनच्या वरच्या अंगाला, सहावीच्या वर्गात
खिडकीच्या काचेवर आतूनही बर्फ धरलंय.
कोळशाची बादली घेऊन शार्शेन दारात उभा.
शेगडीत कोळसा घालायला तो दर तासाला येतो
आणि मुलं त्याच्याकडे बघत नाहीत,
भिंतीतल्या खिळ्याकडे कोण बघतं?

नुरझात एजे फळ्यावर एकच वाक्य लिहितात:
मागच्या हिवाळ्यात एक करडं शिंगरू रात्री बाहेर गेलं.
"गोष्ट हीच," त्या खडू झटकत म्हणतात,
"बदलायचा फक्त सांगणारा."

एर्मेक उठतो. त्याला उठायची घाईच असते.
"मी कंदील घेतला. मी एकटा दरीत उतरलो.
मी घाबरलो नाही."
मागच्या बाकावर हशा.
आईच्या कोटाला धरून चालला होता, अख्ख्या गावानं पाहिलंय.
एजे हसत नाहीत.
"'मी' म्हणणारा फार जवळून बोलतो," त्या म्हणतात,
"त्याचा श्वास कानाला लागतो.
म्हणून त्याची थाप पचून जाते."

बाकाई लांडगीण होतो. बराच वेळ नुसता हुंगतो.
त्याच्या गोष्टीत शिंगराला नाव नाही,
फक्त वाऱ्यावरून येणारा कोमट वास.
आमच्या बोलीत तो, ती, ते यांना एकच शब्द: अल.
लांडगीण धावली, की शिंगरू, की मागून एर्मेकची आई,
बाकाई तिघांना एकाच 'अल'मध्ये पळवतो
आणि वर्ग ओरडतो, "अरे, कोण? कोण?"

सालकिन सांगते ती ढगावर बसून.
तिला सगळं दिसतं: उभ्यानं झोपलेली घोडी,
लांडगिणीच्या पोटातली तीन दिवसांची पोकळी,
चुलीपाशी वाळत घातलेले मोजे, त्यातला एक उलटा,
ओढ्यावरचा बर्फ नेमका कुठे पातळ आहे, तेसुद्धा.
"मग फाटक कोणी उघडं टाकलं?" एजे विचारतात.
सालकिन वेणीचं टोक चावते.
"मला माहीत आहे. पण आत्ता नाही सांगणार."
"चालेल," एजे म्हणतात. "सगळं जाणणारासुद्धा
सगळं बोलत नाही."

बादली शेगडीच्या पत्र्यावर आपटते.
एक कोळसा घरंगळत पहिल्या बाकाखाली जातो.

तो उचलून देते उम्सुनाई. शिंगरू तिच्याच घरचं.
ती सहसा बोलत नाही. आजही वहीत बघून वाचते, मान खाली:

"आई झोपली होती. मी चांदणं कधी पाहिलं नव्हतं.
फाटक उघडं होतं.
मला वाटलं, कोणीतरी माझ्यासाठीच उघडलंय."

एवढंच. पुढचं पान कोरं.
"आणि मग?"
"पुढचं शिंगराला माहीत नाही," उम्सुनाई म्हणते
आणि खाली बसते.

शार्शेन शेगडीचं दार लावतो. कडी घालतो.
काढून पुन्हा घालतो.
बादली उचलून बाहेर जातो.
व्हरांड्यात त्याचे हात कसे थरथरत होते
हे वर्गातल्या कोणालाच दिसलं नसणार.
मला दिसलं. हात माझेच होते.

त्या रात्री त्यांच्याकडे मी दोन पोती कोळसा टाकला.
येताना फाटक पाठीनं ढकललं.
जाताना बोटं गारठली होती, की नुसता कंटाळा केला,
ते वर्षभर वेगवेगळ्या तोंडांनी स्वतःला सांगून पाहिलं.
'कोणीतरी' म्हणून सांगितलं. 'वारा' म्हणून सांगितलं.
'शार्शेन' म्हणूनही सांगून झालं, आत्ता, तुमच्यापुढे.

सकाळी शेगडी मीच पेटवतो, शाळा भरायच्या आधी.
उम्सुनाई सगळ्यांच्या अगोदर येते,
ओले मोजे सुकवायला.