चाळीस मिलिग्रॅम

पहाटेचे तीन. दांडेकर पुलाकडून एक रिक्षा जाते
आणि मी ओट्याखालचे सगळे डबे उपसून बसलेली.
दम्यासाठी गोळी दिली : चाळीस मिलिग्रॅम, सकाळी, खाऊन.
श्वास मोकळा झाला.
बाकी सगळं सुजलं. गाल, बोटं, राग.

काल स्वारगेटच्या बसमध्ये दोन रुपयांवरून
कंडक्टरला इतकं बोलले, की अख्खी बस गप्प.
उतरल्यावर आठवलं, त्याचा शर्ट काखेत उसवला होता.
तिथेच रडले, उसाच्या गुऱ्हाळाशेजारी.

वीस वर्षं फळ्यावर काढत आले :
हे संप्रेरक दार न ठोठावता पेशीत शिरतं,
थेट केंद्रकाशी बोलतं.
काय बोलतं, ते कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
"सिरोटोनिनचं गणित बिघडतं," पोंक्षे डॉक्टर म्हणाल्या,
"नक्की कसं, ते अजून शोधतायत."

हेरंब उठून येतो. डब्यांकडे बघतो.
"हे तू चालवलंयस, की गोळीनं?"
माहीत नाही रे.
मसुरीच्या डब्याला झाकण नाही, एवढं नक्की.

तो फरशीवर बसतो,
एकेक झाकण लावून बघतो.
उद्यापासून पस्तीस.