बद्द

काल राउंडला त्यांनी विचारलं,
बाई, तुमचं मशीन वाजतं का हो?
वाजतं, पण आपल्याला ऐकू येत नाही, म्हटलं.
मग तो कसला आवाज, म्हणून हसले
वामनराव निजामपूरकर, वय चौसष्ट,
तांबट आळीत हंडे ठोकून ठोकून
डावा कान गेलेला.
चिरलेलं भांडं बद्द वाजतं, म्हणाले.
डोळ्याला चीर दिसायच्या आधी.

आज त्यांचं काळीज उघडं आहे.
काळीज म्हणजे हेच, बरगडीखालचं, तपकिरी, जड.
वर धडधडतं त्याला ते नाव आपण उगाच देऊन बसलो;
खाटकाला विचारा, तो चुकत नाही.

सिस्टर रोझलिन कोमट सलाइन ओततात.
मी प्रोब टेकवते. दाबायचा नसतो.
दिवे, म्हणतात खैरनार सर,
आणि दिवे जातात.
पडद्यावर करडं, ओलसर काहीतरी,
मे महिन्यात होळकर पुलावरून गंगा दिसते तसं,
मधूनमधून काळ्या वाटा.

काळं ते सगळं पित्त नव्हे.
रंगाचं बटण दाबलं की रक्त
लाल-निळं होऊन आपण होऊन नाव सांगतं.
पित्त काळंच राहतं.
इतकं सावकाश चालतं
की मशीनला ते चालणं वाटतच नाही.

गाठ डावीकडे. डावा भाग काढायचा,
कॉटरीची रेघ आखून झालेली.
आणि तिच्याखालून, आडवी,
उजव्या बाजूची एक नळी
डावीला येऊन मिळालेली.
फोटोत नव्हती. पुस्तकात असते,
कुणाच्या तरी पोटात.

सर, थांबा.
नक्की?

दोन मिलिमीटर. नक्की कसं म्हणू?
पुन्हा सलाइन. प्रोब आडवा, मग तिरका.
माझ्या मनगटाला कळ लागते.
मॉनिटरची टिकटिक चालू आहे,
बाकी कुणी बोलत नाही.
आहे, सर.

रेघ आठ मिलिमीटर सरकते.
एवढंच.

पाचव्या दिवशी ड्रेनच्या पिशवीत
फिकट गुलाबी पाणी, हिरवा थेंब नाही.
वामनराव उशाशी टेकून
स्टीलच्या वाटीवर नख मारतात,
उजवा कान जवळ नेतात,
तोंड वाकडं करतात.
ह्याला काय आवाज म्हणायचं, बाई?
नुसतं ओरडतंय.