खोगीर

नारिनच्या मैदानात एसेन पडला तो ऑक्टोबर.
मेलेला बकरा त्याच्याच मांडीखाली होता.
पडतानाही त्यानं बकऱ्याचा पाय सोडला नाही,
असं लोक अजून सांगतात.
मी सांगत नाही. मी घरी नमदा लाटत होते,
कोपरापर्यंत साबणात.

बिश्केकच्या इस्पितळात अकरा दिवस.
कवटीला तडा, सांधेल म्हणाले.
त्या दिवसांत तो पाणी प्यायला, घोडा पितो तसा,
आणि रात्रभर तेवढंच बाहेर टाकलं.
मग तेही थांबलं. सगळ्यांना वाटलं, बरा झाला.
घरी आणला. सासूनं मेंढी कापली.

मेंढी त्यानं खाल्ली नाही.

हिवाळ्याचं ठीक आहे, हिवाळ्यात सगळेच झोपतात.
पण जूनमध्ये वरच्या कुरणावर गेलो,
घोडीचं दूध घुसळायला माणूस नाही,
आणि हा तंबूत, चुलीला पाठ लावून,
लोकरी टोपी कानांवर ओढून.
"गारठा आहे, बूरुल."
माझ्या अंगावर साधा सुती झगा.

जाऊ म्हणाली, आळस.
दीर म्हणाला, भीती बसलीय.
एका म्हातारीनं त्याच्या डोक्यावर पाण्याचा वाडगा धरून
वितळलेलं शिसं ओतलं.
घोड्याचा आकार आला, म्हणाली.
मला तो बटाटा दिसला.
तालुक्याच्या डॉक्टरनं मनाच्या गोळ्या लिहून दिल्या,
त्यांनी तो आणखी झोपला.

रात्रीचं कुणाला सांगणार?
त्याची पाठ, माझी पाठ,
मधून वारा जाईल एवढी जागा.
वाटलं, दुसरी कुणी असेल.
मग वाटलं, दुसरीसाठी तरी उठला असता.

पुढच्या ऑक्टोबरात उभ्या उभ्या कोसळला,
साध्या तापाचं निमित्त.
रक्तातलं मीठ उतरलंय, म्हणाले.
माणूस अळणी झालाय
हे मी वर्षभर सांगत होते.

तेव्हा भेटली डॉक्टर साल्कीन,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
त्याला नाही, तिनं मला विचारलं,
"यांनी शेवटची दाढी कधी केली?"
मी बोटं मोजू लागले आणि मोजता येईना.
वस्तरा कुठे ठेवलाय तेही आठवेना.

सकाळी आठला रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.
मग कागदावर तिनं कवटी काढली,
तळाशी हाडाचा खोलगटा,
त्यात वाटाण्याएवढी ग्रंथी, बारीक देठावर लोंबणारी.
तिथून निरोप निघतात म्हणे,
ऊब, भूक, जाग, मूल, सगळ्याचे.
देठाला हिसका बसला, निरोप थांबले.
"या हाडाला आम्ही तुर्की खोगीर म्हणतो," ती म्हणाली.
"आकार बघा."

एसेननं बघितलं. बराच वेळ.
"म्हणजे मी पडलो," तो म्हणाला,
"तेव्हा आत आणखी एक स्वार होता. तोही पडला."
आणि हसला, किडका दात दिसेपर्यंत.
वर्षात पहिल्यांदा.
मी बाहेर जाऊन नळ सोडला आणि तोंड धुत राहिले.

आता गोळ्या. उठल्यावर, दुपारी, थोडी संध्याकाळी.
ताप आला की दुप्पट.
उलट्या झाल्या तर सुई, ती मीच द्यायची;
मेंढ्यांना देते, हात बसलेला आहे.
महिन्याची एक तेलकट सुई वेगळी.
टोपीच्या अस्तरात चिठ्ठी शिवलीय :
बेशुद्ध सापडला तर वाट पाहू नका, आधी हे द्या.
खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत
औषधं आणून ठेवायची, पिठासारखी.

घोड्यावर तो बसत नाही.
खोगीर उतरवून त्याला नदीवर नेतो,
काहीतरी बोलतो त्याच्याशी, मला सांगत नाही.
दुपार उलटली की अजून गळून जातो.
पोट सुटलंय ते सुटलंयच.

पण काल घंगाळातलं पाणी फेकायला उचललं
तर कडेला बारीक काळे केस,
दहाबारा,
एक पांढरा.
ते पाणी मी लगेच फेकलं नाही.