टाके

शनिवारची रात्र, मिडल्सब्रो, अपघात विभाग, खोली चार.
ट्रेमध्ये सुई, चिमटा, भूल, निळा दोरा.
बाहेर साडेतीन तासांचं वेटिंग
आणि कुणीतरी गातंय, बेसूर.

किएरन, वय एकोणीस. डाव्या भुवईवर दीड इंच.
सोबत त्याचा कोच, खिशात व्हॅसलिनची डबी,
जखमेची कुंडलीच मांडतो:
सरावात, दुसरा राउंड, चाळीस सेकंद उरलेले,
समोरचाही त्रेसष्ट किलोचाच.
घंटा झाली तशी मारणाऱ्याने मिठी मारली म्हणे,
टी-शर्टवरचं रक्त कुणाचं ते त्यांनाच माहीत.
मी पाच टाके घालते. पोरगं हूं की चूं करत नाही.
एवढंच विचारतं, "पुन्हा कधी?"
एकवीस दिवस, मी सांगते.
तो बोटांवर मोजतो. सप्टेंबरात बसतंय.

पडद्यापलीकडचा म्हणतो, जिन्यावरून पडलो.
जिन्याला दात नसतात, हे मी गिळते.
त्याची मूठ उघडते हळूहळू:
मधल्या बोटाच्या मुळाशी
कुणाचा तरी पुढचा दात उतरून गेलेला.
असली जखम शिवायची नसते.
उघडी ठेवायची. धुवायची. परत धुवायची.
माणसाच्या तोंडाइतकं घाण काही नाही.
"कोण होता?"
"माहीत नाही."
"कशावरून?"
तो आठवून बघतो, अगदी मनापासून.
"बघत होता माझ्याकडे."

मग थ्वेट आजोबा, एकाहत्तर वर्षांचे,
मनगट सुजून पावासारखं.
चर्चच्या हॉलमध्ये चाळीस वर्षं मंगळवारी, गुरुवारी
पोरांना कराटे शिकवतात. पट्टा इतका जुना
की काळ्याचा परत पांढरा होत आलाय.
पार्मोच्या दुकानाबाहेर कुणीतरी मागून ढकललं.
"त्यानं आधी वाकून नमस्कार केला नाही,"
म्हणतात, आणि हसतात, आणि हसण्याने मनगट दुखतं.
"हाताला सगळं येत होतं गं.
पण हातात पार्मो होता, गरम.
हाताने आधी तो वाचवला."

मीही हसते. मला हसायला काय जातं?
कोल्हापुरात नाथामामाने मला पट्टा शिकवला होता.
बाराव्या वर्षी जमिनीवरचं लिंबू
मी एका फेकीत दोन फोडी करायचे,
मातीला ओरखडा न उठता.
लोक टाळ्या वाजवायचे. मामा पान थुंकून म्हणायचा,
"ज्यांच्यासाठी हे केलेलं ते गेले सगळे.
आता आपण लिंबावर राग काढतो, पोरी."

गेल्या नोव्हेंबरात, इथल्याच पार्किंगमध्ये,
नाइट शिफ्ट संपवून निघाले तर खांद्यावर हात पडला.
कसला पट्टा नि कसलं लिंबू.
मी "आई गं" ओरडले आणि पळाले,
दोन गाड्यांच्या मधून तिरकी, डावा पाय आधी.
स्टाफरूममध्ये श्वास परत आला
तेव्हा कळलं, एका पायात नुसता मोजा.
दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीच्या टेबलावर
प्लास्टिकची पिशवी, वर चिठ्ठी:
बूट, एक, डावा.

डावा पाय आधी: हे मामाचं की भीतीचं,
मी अजून ठरवलेलं नाही.
मामाला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प,
मग म्हणाला, "जेवलीस का?"

"सहा आठवडे प्लास्टर," मी आजोबांना सांगते.
"मंगळवारचा वर्ग बंद."
"छे. खुर्चीवर बसून आकडे म्हणेन."
आणि मी ओली पट्टी गुंडाळत असताना
म्हणतातच, डोळे मिटून, जपानी आकडे
मिडल्सब्रोच्या हेलात:
इची, नी, सान, शी...
दर आकड्यावर एक वेढा.

पडद्यापलीकडे, जिन्यावरून पडलेला,
इतका वेळ नळाखाली हात धरून शिव्या देत होता.
आता नुसतं पाणी ऐकू येतंय.