टेलला कोण आहे?

वसमत रोडला, टायरच्या दुकानावर आमचा क्लाऊड.
ढग म्हणावं असं त्यात काही नाही:
तीन सर्व्हर, एक एसी, एक बंद पडलेला एसी
आणि दाराबाहेर मुर्तुझाची चप्पल, कायम उलटी.

मार्चअखेर जुन्या हायपरव्हायजरचं पत्र आलं.
आता मशीनमागे नाही, कोअरमागे पैसे.
मुर्तुझाने कोअर मोजले, परत मोजले,
दुसऱ्यांदा कमी भरतील म्हणून.
"बनी तो बनी, नहीं तो परभनी," म्हणाला,
"आपण तर आधीच परभणीत. आता कुठं जायचं?"

तर निवडायचं होतं.
झेन, केव्हीएम, नाहीतर तेच जुनं, डोळे झाकून.
फळ्यावर तीन रकाने, आठवडाभर,
पुसून पुसून पांढरा फळा निळा झालेला.
कुणाचा पडदा देखणा, कुणाची कागदपत्रं धड,
कोण चालतं मशीन न थांबवता
या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर ठेवतं,
झोपलेलं लेकरू अंगणातून आत न्यावं तसं.

अप्पा डबा घेऊन आले.
एकतीस वर्षं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी.
"हे नेमकं काय असतंय गं?"
म्हटलं, लोखंड एकच असतं अप्पा,
ते वाटून देणारा एक लागतो.
आणि वाटणी अशी, की ज्याला त्याला वाटावं
अख्खं मशीन माझ्याच बापाचं.

"मग वाटलेलं, असलेल्यापेक्षा जास्त?"
मी गप्प.
चौसष्ट जीबीत आम्ही नव्वद विकलेत.
"सगळे एकदम दारं उघडीत नाहीत
म्हणून कालवा चालतो," अप्पा म्हणाले.
"पर उघडली एखाद्या दिशी,
तर टेलला कोण आहे तुमच्या?"

टेलला पिंगळीचं दूध संकलन केंद्र.
दोन जीबी. महिना साडेचारशे, तेही उशिरा.

मग रकाने पुसले. तीन रात्री, तीन हायपरव्हायजर.
पतसंस्था, क्लासेस, दवाखाना,
सगळ्यांच्या नकला उभ्या केल्या
आणि मुद्दाम पेटवल्या. पंखे विमानासारखे.
पहिल्या रात्री देखण्या पडद्यावर सगळं हिरवं
आणि पिंगळीची पावती एक्केचाळीस सेकंदांनी.
(दोष आमच्या मांडणीचाही असेल.)
दुसऱ्या रात्रीचं सांगत नाही, लाईटच गेली.
तिसऱ्या रात्री केव्हीएम, नुसती काळी खिडकी,
पाळ्या मुर्तुझाने स्वतः बांधलेल्या,
आकडे तळहातावर, घामाने अर्धे पुसलेले.

पाच वाजून दहा मिनिटं:
कौसाबाई ढगे, म्हैस, चार लिटर दोनशे,
फॅट सहा पूर्णांक आठ.
दीड सेकंद.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
आता अडलं तर कंपनीला फोन नाही,
फोन आपलाच वाजणार, हे दोघांनाही कळलं होतं.
मुर्तुझाने मोबाईलचा आवाज मोठा केला,
उशाशी ठेवला,
आणि खाली टायरवाल्याचं शटर वर जाईपर्यंत
सर्व्हरकडे पाय करून आडवा झाला.