अर्थाची तार

रुवीत, पासपोर्ट-फोटोवाल्याच्या वर
माझं टेबल. रोमेल गिटार उपडी ठेवतो,
म्हणतो, परकारभाई, डाख नको.
खटकन लागेल, खटकन निघेल असं कर.
हॉटेलचं कंत्राट मार्चपर्यंतच आहे.

झाकण काढलं. आत
आधीच्या कुणाचे तरी डाख,
एक तर मुगाएवढा, राखाडी, थंडच बसलेला.
घाईतला माणूस ओळखू येतो.

पिना चांगल्याच. बोट भाजत नाही,
राळेचा धूर डोळ्यांत जात नाही.
पण ऑगस्टात इथली हवा खारी, ओली;
पितळ हिरवं पडतं,
मग ऐन गाण्यात करकर.

माझंही लेबर कार्ड दर दोन वर्षांनी
निघतं, लागतं. एकोणीस वर्षं.
अजून करकर नाही. म्हणजे, लोकांना ऐकू येईल अशी.

पिकअपच्या तारा दिल्या पिनांवर.
एकीला मात्र, त्याला न विचारता,
डाख दिला: अर्थाच्या.
ती सुटली की सूर बाजूला,
नुसती घरघर.

चकचकीत थेंब. फुंकर घातली नाही;
डाखाला आपणहून निवू द्यावं लागतं.

रोमेलने जॅक खुपसला,
आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.
काहीच ऐकू आलं नाही.
तो हसला.