विरजण

टेबलाखालचा तो करडा डबा
एकोणीस वर्षांचा झाला,
माझ्या गुडघेदुखीहून दोन वर्षांनी मोठा.
चालू केला की आधी खोकतो,
मग काहीतरी आठवत असल्यासारखा गप्प.
तेवढ्यात मी चहा करून येते,
कधी कधी पिऊनही.

रेवाझ ग्दान्स्कहून फोनवर म्हणतो,
"आई, विकून टाक, देऊन टाक,
पण काहीतरी टाक."
तिथून त्याला कुताइसीतलं सगळंच
टाकण्याजोगं दिसतं.

बोंदोनं स्क्रू काढले, आत फुंकर मारली.
माझे केस, मांजराचे केस, रस्त्यावरचा धुरळा,
सगळं त्याच्या मिशीत जाऊन बसलं.
"मेमरी वाढवू, पण बोर्डाला झेपणार नाही.
बोर्ड बदलला तर पॉवर सप्लाय पुरणार नाही.
तो बदलला तर..."
तर जुना फक्त पत्रा उरेल.
नाकापेक्षा मोती जड, आणि बोंदो म्हणतो
नाकही नवंच बसवू.

मुरमान चाळीस लारी म्हणाला, मॉनिटर धरून.
मग मॉनिटर पाहिला
आणि तीस म्हणाला.
शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो.

एतेरची शाळा वर राचात.
सात मुलं, एक शेगडी.
"चालतो ना?" एवढंच तिनं विचारलं.
मी "चालतो" म्हटलं
आणि तो शब्द दिवसभर घशात अडकून राहिला.
मला जे नको झालं
ते त्या पोरांना हवंच असेल, हे कोण ठरवतं?
अडगळ माझी, आणि वर पुण्यही माझंच.

याच डब्यावर मी लोकांचे प्रबंध टाइप केले,
पानाला पन्नास तेत्री.
रेशीमकिड्यांचे रोग. पुलांचा गंज.
द्राक्षाच्या बियांचं तेल, त्याचे तर तीन.
एकूण दोनशे चौदा.
ज्यांची वाकडी वाक्यं मी गुपचूप सरळ केली
ते आता डॉक्टर म्हणवतात.
पुलावर भेटले तर तब्येत विचारतात
आणि उत्तराआधी पुढे जातात.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती.
रात्री डब्याच्या डाव्या कोपऱ्यावर,
जिथं सगळ्यात जास्त ऊब,
मी मात्सोनीची बरणी ठेवते.
कोमट दूध, चमचाभर विरजण, वरून जुनी शाल.
हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात
दूध दूधच राहतं, कितीही विनवा.
म्हणून टाइप करायला काही नसलं
तरी मी डबा चालू ठेवायची.
"रात्रभर करतेस काय?" वीजबिल पाहून रेवाझ विचारायचा.
"काम," मी म्हणायची.

शुक्रवारी रात्री पुसायला बसले.
विका नाहीतर द्या, आधी पुसावं लागतं.
बोंदोनं कागदावर लिहून दिलं होतं:
हे बटण, मग हो, मग परत हो.
अकरा तास लागतील, पडद्यानं सांगितलं.
पंखा असा कधी फिरला नव्हता,
डबा घाटात चढणाऱ्या बससारखा धापा टाकू लागला.
रेशीमकिडे गेले असतील आता, म्हटलं.
आता पूल.
बरणी ठेवावी की नको?
माणूस जात असताना त्याच्याकडून काम करून घ्यावं का?
ठेवली.

सकाळी पडदा काळा,
कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती.
शाल काढली, झाकण उघडलं,
चमचा रोवला तो तसाच उभा राहिला.
एकोणीस वर्षांत असं कधी लागलं नव्हतं.

खाली मुरमान हॉर्न वाजवत होता.
मी उभ्याउभ्याच वाटीभर खाल्लं, साखर न घालता.
हॉर्न पुन्हा वाजला.
मग चमचाभर बाजूला काढलं
आणि झाकणाची छोटी बाटली शोधू लागले.
राचात थंडी इथल्याहून जास्त.
बाटलीवर चिठ्ठी चिकटवली,
खूप विचार करून दोनच शब्द लिहिले:

डावा कोपरा.